देवघराच्या भिंतीवरची काजळी पाण्याशिवाय कशी काढावी? (जुना वाडा, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

वाड्यातली_सून | ४ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नमस्कार. खूप काळजीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अष्टमीच्या रात्री आमच्या देवघरात आग लागली. अखंड दिवा तेवत होता. मांजर गेलं की उंदीर, कळलं नाही, पण दिवा कलंडला आणि पडद्याने पेट घेतला. पडदा सिंथेटिक, शेजारी प्लॅस्टिकच्या फुलांची तोरणं आणि विजेच्या माळेची वायर. मामंजींना धुराने जाग आली म्हणून निभावलं. ओली गोधडी टाकून आणि दोन कळश्या ओतून आग विझवली. माणसं सुखरूप, देव सुखरूप.

पण देवघर आणि माजघर, दोन्ही खोल्या काळ्या झाल्या आहेत. वाडा मामंजींच्या आजोबांनी बांधलेला. खाली दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, त्यावर चुन्याचा गिलावा. देवघराच्या दारावर गजलक्ष्मी आणि दोन्ही बाजूंना मोर रंगवलेले आहेत. वर सागवानी तक्तपोशी (लाकडी छत), कोरीव महिरप. सगळ्यावर काळी मखमल चढल्यासारखी काजळी बसली आहे. बोट लावलं की बोट काळं.

दुसऱ्याच दिवशी घाईने एका रंगकाम करणाऱ्याला बोलावलं. त्याने साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एका कोपऱ्यात घासायला सुरुवात केली. काळे ओघळ खाली आले, ते गिलाव्यात मुरले, आणि फडक्याबरोबर डाव्या मोराच्या मानेचा निळा रंग निघून आला. मी ओरडून थांबवलं. तळहाताएवढी जागा गेली ती गेलीच. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. लग्न होऊन आल्यावर त्यांनी त्या मोरांखाली पहिला दिवा लावला होता.

वसुबारसेच्या आत निदान देवघर स्वच्छ व्हावं अशी इच्छा आहे. पाणी न लावता हे करता येतं का? कुणी केलंय का?

---

शिरोलीकर | ४ ऑक्टोबर, रात्री १०:५१

ताई, माणसं वाचली ह्यातच सगळं आलं. आमची फौंड्री हाय शिरोलीत. कास्टिंगवरची काळी राख आम्ही शॉट ब्लास्टिंगनं, म्हंजी जोरानं बारीक छर्रे मारून काढतो, पाण्याचा थेंब लागत न्हाई. बारीक वाळूचं, कमी प्रेशरचं मशीन मिळंल. निदान कॉम्प्रेसरनं हवा मारून बघा, सैल काजळी उडून जाईल. मशीन मी आणून देतो, पैशाचं बघू नका.

---

आजीचा_बटवा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

आमच्या आजोळी चुलीच्या भिंतीवरची काजळी शिळ्या पावाने काढत. पावाचा गर गोळा करून भिंतीवर दाबायचा, काळा झाला की टाकायचा. घट्ट मळलेल्या कणकेनेही निघते. घरच्या वस्तूत काम होईल.

---

चुनखडी | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

वाड्यातली_सून, आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत भिंतीला कुणालाही हात लावू देऊ नका. पंखा लावू नका. झाडूही नको. माझं काम जुन्या वास्तू आणि चित्रांच्या जतनाचं आहे, आणि आगीत जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त पहिल्या दोन दिवसांतल्या घाईने झालेलं मी पाहिलं आहे.

शिरोलीकर दादा, तुमचा भाव कळतो, पण ब्लास्टिंग अजिबात नको. कास्टिंग लोखंडाचं असतं, हा गिलावा नखाने उकरेल इतका मऊ. आणि कॉम्प्रेसरची हवा काजळी उडवते तशीच ती गिलाव्याच्या छिद्रांत ठासते. उरलेली शेजारच्या खोल्यांत जाते.

पाणी का नको, ते समजून घ्या म्हणजे घरातल्या बाकीच्यांना सांगता येईल. काजळी म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक कण, मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान, आणि त्यांच्यावर डांबरासारखा तेलकट लेप. आत्ता ते कण भिंतीवर नुसते टेकलेले आहेत. पाणी त्या तेलकट लेपाला विरघळवत नाही. ते कणांना वाहून नेतं आणि चुन्याचा गिलावा टिपकागदासारखा ते शोषून घेतो. तुमच्या कोपऱ्यात झालं ते हेच. शिवाय आपल्याकडच्या वाड्यांतली अशी बरीच चित्रं सुकलेल्या चुन्यावर सरस किंवा डिंक घालून रंगवलेली असतात. सरस आणि डिंक पाण्यात सुटतात, मोराची मान त्यामुळे गेली. तिसरं, भिंत मातीची. माती भिजली की फुगते, वाळताना आकसते, आणि आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन लोणा लागतो. त्या क्षारांनी गिलावा आतून सुटत जातो.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. वायर आणि काही प्लॅस्टिक पीव्हीसीचं असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. ते चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड बनतं, आणि हा क्षार हवेतलं पाणी ओढून भिंत कायम ओलसर ठेवतो. म्हणून पितळेची समई, चांदीची उपकरणी, तांब्याची भांडी आजच्या आज देवघराबाहेर काढा आणि स्वच्छ करून कोरडी ठेवा. त्यांच्यावर हिरवट गंज धरायला वेळ लागत नाही. तिथे पाणी, साबण चालेल, भिंतीला नाही.

आता मला तीन गोष्टी बघून सांगा.

अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, तिरपा प्रकाश टाका. रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात का? बोटाच्या पेराने हलकेच वाजवून बघा, कुठे बद्द आवाज येतो का? आणि जिथे चित्र नाही अशा जागी पांढरा टिश्यू नुसता टेकवून उचला. कोरडी पूड आली की चिकट डाग?

---

जुनी_पेठ | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळची ती वास्तू जळताना पाहून माझ्यासारखे सत्तरीचे लोक रडत होते. म्हणून तुमच्या सासूबाई जेवल्या नाहीत हे वाचून आत काहीतरी हललं.

पाण्याबद्दल चुनखडी म्हणतात ते पटतं. अंबाबाईची मूळ मूर्ती झिजली म्हणून अभिषेक उत्सवमूर्तीवर होतो, आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी मूर्तीचं संवर्धन केलं. दगडाची ही कथा, तर मातीच्या भिंतीचं काय!

---

वाड्यातली_सून | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

चुनखडी, मनापासून आभार. समया, ताम्हन, सगळं बाहेर काढलं. पितळेवर खरंच हिरवी झाक आली होती.

टॉर्चने पाहिलं. गजलक्ष्मीच्या उजव्या हत्तीच्या सोंडेवर पापुद्रे उभे राहिले आहेत, पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. मोर घट्ट वाटतात. दाराच्या डावीकडे खाली, जिथे कळशी ओतली गेली तिथे, हातभर जागा बद्द वाजते आणि गार लागते. टिश्यूवर माजघरात कोरडी पूड आली. देवघरात पडद्याजवळच्या भिंतीवर मात्र चिकट डाग आला.

---

चुनखडी | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

फार नीट पाहिलंत. ह्यावरून कामाचा नकाशा तयार होतो.

ओली जागा: काही करायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्या, हीटर लावू नका. सोंड: तिच्या आसपास वीतभर कुणी जायचं नाही. पडद्याजवळची चिकट भिंत: शेवटी. माजघरापासून सुरुवात करा, तिथे हात बसेल.

लागणारं सामान: हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर. साधा नको. साध्यातून बारीक काजळी मागून परत खोलीत येते. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो. बकरीच्या केसांचे मऊ रुंद ब्रश. नळीच्या तोंडाला बांधायला मलमल. आणि व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा स्पंज, जो ऑनलाइन स्मोक स्पंज, सूट स्पंज किंवा ड्राय केमिकल स्पंज अशा नावांनी मिळतो. नावात केमिकल असलं तरी त्यावर रसायन लावलेलं नसतं. बारीक छिद्रांचं रबर काजळीचा कण धरून ठेवतं, एवढीच त्याची करामत. भांड्यांचा स्पंज चालणार नाही. पांढरा मेलामाइनचा ‘मॅजिक’ स्पंज तर मुळीच नको, तो पॉलिश पेपरसारखा घासतो.

स्वतःसाठी एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, डोक्याला फडकं. ह्यात हयगय नको. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना काजळीने कर्करोग होतो हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्या शल्यवैद्याने १७७५ मध्येच दाखवून दिलं होतं. लहान मुलं आणि मामंजी ते दिवस दुसरीकडे असू देत.

पद्धत. जमिनीवर जुनी चादर अंथरा. वरून खाली या, कारण सैल काजळी खाली पडते. पहिल्या फेरीत स्पंज नाहीच. व्हॅक्यूम सर्वांत कमी ओढीवर ठेवून नळी भिंतीपासून दोन बोटं लांब धरा, दुसऱ्या हाताने ब्रश नळीच्या दिशेने हलकेच फिरवा. नळी भिंतीला टेकली की काजळी दाबली जाते आणि मग ती काढणं कठीण.

दुसऱ्या फेरीत स्पंज. तो पावाच्या लादीएवढा असतो, सुरीने चार तुकडे करा. भिंतीवर ठेवा, एका दिशेला सरळ ओढा, उचला. पुढे-मागे घासायचं नाही, गोल फिरवायचं नाही. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवा. बाजू काळी झाली की पालटा, सगळ्या बाजू काळ्या झाल्या की ब्लेडने वरचा थर कापून टाका, आत स्वच्छ रबर मिळतं. धुवायचा मोह टाळा, ओला स्पंज वापरला तर सगळं मुसळ केरात.

आधी नेहमी कोपऱ्यात दोन इंचांचा चौकोन करून बघायचा. स्पंजावर काळ्याऐवजी पांढरी पूड किंवा रंग दिसला तर त्याच क्षणी हात थांबवायचा.

---

शिरोलीकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

चुनखडी सर, चुकलं माझं, बरं झालं सांगितलंत. आमच्या पॅटर्न शॉपमधी हेपावाला इंडस्ट्रियल व्हॅक्यूम हाय, ओढ कमी-जास्त करता येतीय. ताई, दुपारी पोरगा घेऊन येतो. नवी पिशवी घालून देतो. काम हुईपर्यंत ठेवा.

---

शंकासुर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

लेझरने दगड साफ करतात असं वाचलंय. आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये रबराचा लेप लावून सोलून काढला म्हणे. ते इथे का नाही?

पावाबद्दलही उत्तर मिळालं नाही.

---

चुनखडी | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१०

चांगले प्रश्न आहेत. सेंट पॉल्समध्ये २००० नंतर आतल्या दगडावर लॅटेक्सचा लेप मारून, तो सुकल्यावर सालीसारखा सोलून काढला. मळ त्याच्यासोबत आला. पण तो लेप मुळात पाण्यातला, आणि खाली बिनरंगाचा, धडधाकट दगड. सुटत्या रंगावर लावला तर सालीबरोबर हत्तीच येईल.

लेझरची कल्पना सुंदर आहे. काळा थर ऊर्जा शोषतो आणि उडून जातो, खालचा फिकट दगड ती परत फेकतो, म्हणून काम आपोआप थांबतं. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन अ‍ॅस्मस ह्यांनी १९७० च्या दशकात व्हेनिसमध्ये हे प्रयोग सुरू केले. फ्रान्समधल्या आमियाँ कॅथेड्रलच्या दारांवरची शिल्पं लेझरने साफ झाली आहेत. पण काही रंग लेझरने काळे पडतात, आणि त्यांत नेमके शेंदूर आणि हिंगूळ हे लाल रंग येतात. आपल्या देवघरातल्या चित्रात हे दोन्ही असण्याची शक्यता किती, तुम्हीच सांगा.

पाव. आजीचा_बटवा, तुमच्या आजोळची रीत फार जुनी आणि जगभर वापरलेली आहे. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलची चित्रं १६२५ मध्ये पावाने साफ केली गेली होती. आणि कणकेचं म्हणाल तर अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांमुळे भिंतीवरचे कागद काळे होत, ते पुसायला पिठाचा मऊ गोळा विकत मिळे. कोळसा गेला, गिऱ्हाईक गेलं, आणि तोच गोळा १९५६ च्या सुमारास प्ले-डो नावाने मुलांचं खेळणं झाला. तरीही इथे पाव नको. कण छिद्रांत राहतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरेल, झुरळं-मुंग्या येतील, आणि त्या रंगही कुरतडतील. स्पंज असं काही मागे ठेवत नाही.

---

रंगपेटी | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मी इथेच चित्रकला शिकते. चारकोल उचलायला आम्ही मळता येणारं खोडरबर वापरतो. मोरांसाठी ते चालेल का? मला यायला आवडेल, उंच शिडीची सवय आहे.

---

चुनखडी | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

चालेल, पण फक्त दाबून उचलायचं, ओढायचं नाही. आणि आधी पांढऱ्या कागदावर दाबून रात्रभर ठेवा. तेलाचा डाग उमटला तर ते खोडरबर वापरू नका. नक्की जा. चित्राला चारकोल उचलणारा हात लागतो, फडकं मारणारा नाही.

---

वाड्यातली_सून | ११ ऑक्टोबर, रात्री ११:१५

सहा दिवसांनी लिहितेय. हात दुखतायत पण झोप येत नाही, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शिरोलीकर दादांनी व्हॅक्यूम स्वतः आणून दिला, चालवायला शिकवला. चहासुद्धा घाईत घेतला. रंगपेटी रोज दुपारी येते. तिला सासूबाई ‘बाळ’ म्हणतात आता.

माजघर दोन दिवसांत झालं. पहिला पट्टा ओढला तेव्हाचं सांगते. स्पंज उचलला आणि खाली स्वच्छ पांढरी वाट, कडा सुरीने कापल्यासारखी. दोन-तीन मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. पण मग लोभ सुटला आणि मी एका ठिकाणी दोनदा तेच ते घासलं. तिथे करडी झाक पसरली, ती काही जाईना. एका दिशेला एकदाच, हे वाचून कळलं होतं, हाताला कळायला चूक करावी लागली.

तक्तपोशीला सर्वांत वेळ गेला. फळ्यांच्या सांध्यांत अगदी आधीच्या पिढ्यांचा धूरही होता, तो निघत नाही. सुतार म्हणाला जवसाचं तेल फिरवा, चकाकेल. फिरवू का?

---

चुनखडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

नका. तेल काजळीला लाकडात कायमचं बंद करतं, वर नवी धूळ चिकटवतं. अजिंठ्याला १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला होता. हेतू चांगला होता, लेप पिवळा पडला आणि त्याखाली धूळ-काजळी अडकली. तो काढायचं काम पुढच्या पिढ्यांना अनेक वर्षं पुरलं. सांध्यांतला जुना धूर आजीच्या चुलीचा आहे, त्याला राहू द्या.

करड्या झाकेचं वाईट वाटून घेऊ नका. साधी भिंत आहे. पूर्ण कोरडी झाल्यावर पातळ चुन्याचे दोन-तीन हात द्या. प्लॅस्टिक पेंट नाही, भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. चिकट डागावर मात्र चुना लगेच मारू नका, डांबराचा पिवळा डाग चुन्यातून वर येतो.

---

जुनी_पेठ | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

चिकट भिंतीचं मग करायचं काय?

---

चुनखडी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

ह्याला घरगुती उत्तर देणार नाही. व्हॅक्यूमने वरची पूड घ्या आणि थांबा. प्लॅस्टिकचा धूर स्पंजाने फासला जातो. तिथे योग्य द्रावक, तेही कापसाच्या बोळ्याने, तपासून लावावा लागतो. तीच गोष्ट सोंडेची: सुटलेला पापुद्रा आधी चिकटवायचा, मग साफ करायचा, आणि हे दोन्ही प्रशिक्षित माणसाने. वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. फोटो, मोजमाप आणि आत्तापर्यंत काय केलं त्याची तारीखवार नोंद पाठवा. फुकट गेलेल्या त्या कोपऱ्याचंही लिहा, लपवू नका. साबण लागला आहे हे त्यांना कळलंच पाहिजे.

आणि एक. कुठेतरी आडबाजूला तळहाताएवढा चौकोन साफ न करता सोडा. पुढे कुणाला तपासायचं झालं तर मूळ काजळी हाताशी राहते. आम्ही प्रत्येक कामात सोडतो.

---

वाड्यातली_सून | १७ ऑक्टोबर, रात्री ८:३०

आज वसुबारस. देवघर झालं, म्हणजे जेवढं आमच्याने व्हायचं तेवढं. मोर रंगपेटीने एकटीने केले, पिसाऱ्याचा एकेक डोळा खोडरबरने दाबत. उजव्या मोराच्या चोचीत मोत्याची माळ आहे, हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षांच्या धूप-कापराच्या धुराखाली ती झाकली गेली असावी.

हत्तीची सोंड तशीच आहे, समोर दोरी बांधून ठेवली आहे. चिकट भिंतही तशीच. फोटो आणि नोंदी पाठवल्या आहेत. काळा चौकोन विजेच्या बोर्डाखाली सोडला. मामंजींनी त्याखाली पेन्सिलने तारीख लिहिली.

डाव्या मोराच्या मानेत आता पांढरा चुना दिसतो. रंगपेटीला तिथे रंग भरायचा मोह होतोय.

---

चुनखडी | १७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

रंगपेटी, आत्ता नको. पांढरं राहू दे. आतला साबण आधी तपासायला हवा, नाहीतर तुझा रंगही सुटेल. तज्ज्ञ येतील तेव्हा त्यांच्या शेजारी बसून बघ, तुला खूप शिकता येईल.

---

शिरोलीकर | १७ ऑक्टोबर, रात्री ९:२२

व्हॅक्यूमची घाई न्हाई ताई. माझ्या आत्याच्या वाड्यात पन्हाळ्याला असंच एक देवघर हाय, चुलीच्या धुरानं काळं झालेलं. दिवाळीनंतर तिकडंच न्यावा म्हणतोय. त्याआधी भिंतीवर टॉर्च मारून फोटो इथं टाकतो, चुनखडी सर, बघा जरा.

---

वाड्यातली_सून | १७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

दादा, मी आणि रंगपेटी दोघी येऊ. उरलेले सहा स्पंज घेऊन.

सासूबाईंनी आत्ताच समई लावली. परातीत पाणी घालून मधोमध ठेवली आहे, आणि दाराला पडदा नाही.